बाबल्या बोका होता

मुलुंडच्या चाळीचा टॉवर झाला, तेव्हा सुगंधाबाई तावडे सातव्या मजल्यावर गेल्या आणि त्यांच्यामागून बाबल्या. नवरा गेल्यापासून घरात बोलायला तेवढाच होता. काळ्या-तांबड्या अंगाचा, करपलेल्या भाकरीसारखा दिसणारा बोका.

सोसायटीने ठराव केला, की बोके उंदरांसाठी राहतील आणि माद्या पिल्लं घालतात म्हणून जातील. सेक्रेटरी सुबोध शिकलेला माणूस. त्याने मोबाइलच पुढे धरला. "मावशी, काळा आणि तांबडा रंग एकत्र म्हणजे मादीच. जनुकांचा नियम आहे."

"अरे, बोको आसा तो! शेपटी उचलून बघ मरे!"

"शी, काहीतरीच काय मावशी! इथे स्पष्ट लिहिलंय ना."

हजारोंत एखादा नरही निघतो, पण त्याला पिल्लं होत नाहीत, असंही खालच्या ओळीत लिहिलं होतं. तिथवर कोणी वाचलं नाही. शेपटीही कोणी उचलली नाही, कारण कमिटीत सगळी सभ्य माणसं होती. बाबल्याला पोत्यात घालून देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराजवळ सोडण्यात आलं. इतिवृत्तात 'एक मादी' अशी नोंद झाली.

सुगंधाबाई आता दर रविवारी भाजलेले बोंबील घेऊन देवनारला जातात. काळ्या-तांबड्या मांजरी तिथे पुष्कळ आहेत, बोंबलांच्या वासाने जवळ येतात. बाई प्रत्येकीची शेपटी उचलून बघतात.

अजूनपर्यंत सगळ्या माद्याच निघाल्या. सुबोधची माहिती तशी बरोबरच होती.