मधेच उठलेला श्रोता

घरघऱ्याला गाणं येत नव्हतं, आणि ही उणीव त्यानं कधी लपवली नाही. उलट तिच्यावरच त्याचा सगळा ताठा उभा होता. सूर म्हणजे जुन्या लोकांचा आळस, असं तो म्हणे. मागच्या खोलीत बटणांच्या पेट्या मांडायच्या, एकीची वायर दुसरीत खोचायची आणि खरखर, गुरगुर, घरघर पिकवायची, हे त्याचं संगीत. एखादा आवाज मनासारखा उतरला की पहिलं कणीस हाती आल्यासारखा त्याचा चेहरा उजळे. पोटासाठी तो श्रवणयंत्रांच्या दुकानात कामाला होता. दिवसा लोकांना ऐकू यावं म्हणून झटायचा आणि संध्याकाळी, ऐकू येतं याचाच त्यांना पस्तावा व्हावा असं वाजवायचा.

त्याच्या जातकुळीचे आणखी काहीजण होते. त्यातला नळवाला गळक्या नळांचे आवाज टिपायचा. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यानं "अजून रंगात यायचाय तो" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. टोपीवाला संगणकावर एकच आवाज ताणत बसायचा, आणि आपण कुठं पोचलोय हे त्याचं त्यालाही सांगता येत नसे. ही मंडळी एकमेकांचं सावडीनं ऐकत. आज तू माझं सोस, उद्या मी तुझं. तिकडे बाहेरचं कुत्रंही फिरकत नसे. रीत एकच: वाजवणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यांनी डोळे घट्ट मिटायचे. उघड्या डोळ्यांनी ऐकणारा तो अडाणी.

घरघऱ्याची बायको पडदे शिवायची. तिचं शिलाई मशीन दाराजवळच्या अरुंद बोळात होतं. कोणी आलं-गेलं की कापड पोटाशी धरून भिंतीला चिकटावं लागे. एकदा दारात अडकून नवाकोरा पडदा टरकन फाटला, तेव्हा तिचा धीर सुटला.

"अहो, ती मागची खोली मला द्या."

"अगं, तिथं संगीत घडतं!"

"घडतं, पण ऐकतं कोण? तुमचे सोबती नकोत, आपले नातेवाईक नकोत. बाहेरचा एक माणूस बसवून दाखवा. जागचा न हलता शेवटपर्यंत बसला, तर खोली तुमची, मी परत नाव काढणार नाही. मधेच उठला, तर माझी."

घरघऱ्यानं पुष्कळांना गळ घातली. शेवटी कोपऱ्यावरचा सलूनवाला तयार झाला. "भाऊ, दिवसभर गिऱ्हाइकांच्या सुनांच्या कागाळ्या ऐकतो मी. तुमचं काय जड जाणार?"

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. बायको पंच म्हणून दारापाशी बसली. सलूनवाला पुढच्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखा. घरघऱ्यानं डोळे मिटले, मागं बसलेल्या त्याच्या सोबत्यांनी मिटले, आणि खडी भरलेला ट्रक चढण चढावा तसा आवाज सुरू झाला. सलूनवाल्याच्या कानशिलावर घाम आला, पण गडी हलला नाही.

मग रंगात आलेल्या घरघऱ्याचा पाय वायरींच्या बोर्डवर पडला. बोर्डचं बटण बंद झालं. पेट्या मुक्या झाल्या. राहिली फक्त कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरची मंद घूं. उन्हानं तापलेल्या माळावर वारा थबकावा तसं सगळं निवलं. नळवाल्यानं मान डोलवली. टोपीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरघऱ्या मेलेली बटणं फिरवत होता आणि आज आपला हात किती हलका पडतोय, असं वाटून त्याच्या अंगावर काटा येत होता.

उघडे डोळे दोघांचेच होते, बायकोचे आणि सलूनवाल्याचे. सलूनवाल्यानं बोर्डवरचा विझलेला लाल दिवा पाहिला. माणूस बिचारा वाजवतोय आणि वाजत काहीच नाही, हे त्याला बघवेना. तो उठला, वाकला आणि बटण दाबलं. पेट्या अशा किंचाळल्या की सगळे खुर्चीतून उडाले.

"कुणी केलं हे?" टोपीवाला ओरडला. "काय शांतता होती! घरघऱ्या, आयुष्यात एवढं सुंदर तू कधी वाजवलं नव्हतंस!"

"कधीच नाही," नळवाला म्हणाला.

सलूनवाला ओशाळला. "अहो, बंद पडलं होतं ते! मी आपलं चालू केलं."

बायको पुढं आली. ती न्यायाची होती. "बटण बंद झालं तिथंच तुमचं वाजवणं संपलं असेल, तर हे दादा शेवटपर्यंत बसले. खोली तुमची. पण ती शांतता तुमचीच असेल, तर दादा मधेच उठले. आता सांगा, काय खरं?"

घरघऱ्यानं बोर्डकडे पाहिलं. कूलरकडे पाहिलं. मग टोपीवाल्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. असे डोळे त्याच्यासाठी आजवर कुणाचे झाले नव्हते.

"ती शांतता माझीच," तो म्हणाला. "तोच तर गाभा होता."

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला सलूनवालाच मदतीला आला. पेट्या उचलून बोळात ठेवता ठेवता त्याच्यानं राहवेना.

"भाऊ, पण बटण खरंच बंद होतं ना?"

"हळू बोला, दादा," घरघऱ्या पुटपुटला. "टोपीवाला जिन्यात आहे. तो भाग पुन्हा ऐकायला आलाय."