नामू वस्तादांचा शक

तालमीतले जुने गडी कुणाच्या लग्नात भेटलो की पंगत उठायची वेळ होते, पण नामू वस्ताद काही संपत नाहीत. तेर गावातल्या आमच्या तालमीचे ते गुरू. माणूस सोन्यासारखा, पण शक्की म्हणजे लई शक्की!

*

परगावी कुस्तीला गेलो की तिथलं पाणी बंद. कुणी काय कालवलं असेल, सांगता येतंय का? म्हणून गावच्या तेरणा नदीच्या पाण्याची घागर एसटीत आमच्यासोबत.

कंडक्टर म्हणाला, "वस्ताद, घागरीचं तिकीट?"

"हाफ फाडा. पण आत बोट घालू नका!"

*

बेंबळीच्या जत्रेत यजमानांनी पेढ्यांचा पुडा आणला. वस्ताद म्हणाले, "आधी तुम्ही खावा."

त्यांनी खाल्ला.

"आता खालचा."

तोही खाल्ला. असं करत पुडाच संपला! आम्ही आवंढे गिळतोय, तर वस्ताद कानात म्हणतात, "बघितलं? आपल्यासाठी आणलेच नव्हते!"

*

सलामीला एकमेकांच्या अंगाला माती लावायची रीत. पण समोरच्यानं तेल लावलं असेल, हा वस्तादांना शक. मग स्वतःच त्याला मानेपासून पोटरीपर्यंत माती चोळायचे. एक पैलवान वैतागला, "वस्ताद, आता आंघोळ पण घाला की!"

*

पुढं गादीवरची फ्रीस्टाइल आली. जिल्ह्याच्या संघाची निवड होती. वडिलांनी मला बजावलं होतं, "निवड झाली तर तालीम. न्हाय तर उद्यापासून औत धर."

वस्तादांना मी नियम सांगितला, की पाठ टेकली नाही तरी गुणांवर कुस्ती जिंकता येते. ते भडकले, "गुण? शाळा हाय का ही?"

शेवटची कुस्ती जळकोटच्या दगडूशी. गडी रेड्यासारखा. चीत काही झाला नाही, पण गुणांवर मी पुढं राहिलो. शिट्टी वाजली. पंचांनी माझा हात वर केला. देवा, जिंकलो!

तेवढ्यात नामू वस्ताद धोतर सावरत थेट गादीवर!

"थांबा! पाठ कुठं लागली? निकाल खोटा हाय! कोण फितूर झालंय? कुस्ती परत लावा!"

दगडू लगेच म्हणाला, "व्हय व्हय, वस्ताद म्हणतेत ते खरं हाय. परत लावा!"

परत लावली असती, तर उद्या माझ्या हातात औत! पंचांनी माझा हात तसाच धरून विचारलं, "हे तुमचे कोण?"

मी वस्तादांकडं नीट निरखून बघितलं.

"कोण की, साहेब. जळकोटचे असतील!"