डोळा मिटला, मावशी

शुद्धलेखनात माझ्या फार चुका होतात आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. कुणाच्या हाती हे पडलंच तर त्यानं पोटात घालावं. चौथीनंतर हातात पेन्सिल कमी आणि सुईच जास्त आली. पण तारवाल्या मॅडमबद्दल लिहायचं राहिलं तर मला चैन पडणार नाही.

मॅडम उमरग्यात आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. पीएचडी करत होत्या. दिवसभर कॉम्प्युटरात काचेची तार अंथरायच्या आणि मग स्वतःच ती बिघडवायच्या. कुठं उगाच लांबवायच्या, कुठं सांधा वाईट द्यायच्या. मी एकदा भीतभीत विचारलं, "खरी तार कुठं हाय ओ?"

"हायवेच्या कडेला पुरलेली हाय, मावशी. केसाएवढी काच. तिच्यातून उजेड पळतो आन् फोनवरचं बोलणं नेतो. ही माझी खोटी, नुसत्या गणिताची. चूक करायची तर खोट्यात करावी. खऱ्यात रस्ता खोदावा लागतो."

हे त्यांचं पालुपदच होतं. मीठसुद्धा आधी वाटीभर रस्सा बाजूला काढून त्यात घालून बघायच्या. आमचे मालक म्हणायचे, "मॅडम, खरं कालवण कधी मिळायचं?"

एकदा संध्याकाळी त्या कपाळाला हात लावून बसलेल्या. "डोळा मिटला, मावशी. सकाळी चांगला उघडा होता."

मी घाबरले. पोरीला कुणाची तरी नजर लागली म्हणून न बोलता मीठ-मिरच्या उतरवल्या आणि जाळल्या. ठसक्यानं दोघी खोकून बेजार झालो.

"अवो, माझा न्हाय, तारेचा डोळा!" हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी समजावलं. उजेडाचे ठोके एकावर एक मांडले की पडद्यावर डोळ्यासारखं चित्र उमटतं. तो मोकळा असला तर पलीकडं सगळं स्वच्छ पोचतं. तार लांबली की ठोके पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि डोळा मिटतो. "बघा की."

मी वाकून बघितलं. "छान हाय," म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडं वळून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, पडदा तर कवाच बंद पडलाय."

तेव्हा मला रडू फुटलं. सुईत दोरा मी शेजारणीकडून ओवून आणत होते. नजर गेली हे कळलं तर शिवायला कपडे कोण देणार, म्हणून मालकांनाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरपुढं तर माझं तोंडच उघडत नाही.

मॅडमनी ओढणी गळ्यात नळीसारखी अडकवली आणि खुर्चीत बसल्या. "मी डॉक्टर. काय होतंय?"

"काय न्हाय."

"चुकलं. परत. इथं कितीबी चुका."

मी चुकत गेले, त्या परत विचारत गेल्या. दुसऱ्या दिवशी खऱ्या डॉक्टरपुढं मी सगळं धडाधडा सांगितलं, तेव्हा माझंच मला नवल वाटलं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनचे पैसे मॅडमनी आपल्या शिष्यवृत्तीतून भरले. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा त्यांचा चेहरा नीट दिसला. मला वाटायचं त्याहून लहान होत्या, नाकावर तीळ होता.

पुढं पीएचडी झाली, मॅडम पुण्याला नोकरीला गेल्या. मी ब्लाउज शिवून थोडे थोडे पैसे पाठवत राहिले. परवा त्या भेटायला येणार म्हणून शेवटचे हातातच द्यायचे ठरवलं. काय बोलायचं ते मशीनपुढं बसून म्हणून बघितलं. त्या दारात आल्या आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. नोटा नुसत्या पुढं केल्या. "राहू द्या मावशी" म्हणतील, हीच एक भीती होती.

त्या म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यावर बसून त्यांनी नोटा नीट मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

"बरोबर हायेत, मावशी. समदे फिटले."