तलाशी

नेगीजींचा स्टेडियममधून फोन आला तेव्हा मी टीव्हीवर तोच सामना बघत होते. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, मी प्रेक्षक बघते. कॅमेरा गॅलरीवरून फिरला की आमचे हे कुठे दिसतात का, एवढंच माझं बघणं. "भाभीजी, आप बस आ जाइए," एवढंच नेगीजी म्हणाले. त्यांच्यामागे ढोल वाजत होता. फोनमध्ये तो आधी ऐकू येत होता, टीव्हीवर जरा उशिरा... मयूर विहारहून मी इस्पितळात पोहोचले तोवर सगळं संपलं होतं. त्याला आता सात आठवडे झाले.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर लिहिता लिहिता मी ते टाळत राहीन. यांच्या हृदयाच्या गोळ्या, त्या जिभेखाली ठेवायच्या, त्या दिवशी घरी राहिल्या होत्या. त्यांच्या खिशातून त्या मी काढल्या होत्या.

फुटबॉल आमच्या घरात कामठीहून आला. हे तिथल्या मैदानावर अनवाणी खेळत मोठे झाले. पुढे दिल्लीला सरकारी नोकरी लागली, मंत्रालयात तीस वर्षं मान खाली घालून फायली हलवल्या, साहेबांसमोर कधी ब्र काढला नाही. मग दिल्लीचा संघ झाला आणि या माणसाला कंठ फुटला. सामना परगावी असला तर टीव्हीपुढे मुकाट बसायचे. पण सामना दिल्लीत असला की ते आमच्याकडचं घरचं कार्यच. सकाळपासून घर डोक्यावर. जर्सी स्वतःच्या हातांनी धुवायची, सावलीत वाळवायची, उलटी करून माझ्या जुन्या सुती ओढणीखाली इस्त्री करायची. मला हात लावू द्यायचे नाहीत. "नंबर वितळवशील," म्हणायचे. जसं काही मैदानावर यांनाच उतरायचं होतं! शेजारचे नेगीजी दुपारी तर्री-पोहे खायला यायचे, त्याला 'झोलवाला पोहा' म्हणायचे आणि तीनदा वाढून घ्यायचे. मग दोघं नकाशा काढल्यासारखे एकमेकांच्या गालांवर रंगाचे पट्टे ओढत बसायचे. नेगीजींची रेघ वाकडी यायची, त्यावरून दर वेळी भांडण.

निघायच्या आधीचं शेवटचं काम मात्र माझं असायचं. स्टेडियमच्या फाटकावर फार कडक तपासणी. किल्ल्या, पेन, कंगवा, काही म्हणून नेऊ देत नाहीत. एका वर्षी यांना खोकला झाला होता, तरी ओरडायला जायचंच होतं. खिशात औषधाची बाटली घेऊन गेले. फाटकावरच्या माणसाने ती काढून घेतली, यांनी हुज्जत घातली आणि त्या नादात पहिला गोल हुकला. दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. तेव्हापासून घरातूनच खिसे रिकामे करून पाठवायचे असं ठरलं. हे दाराशी दोन्ही हात वर करून उभे राहायचे. "घ्या तलाशी, ठाणेदारीणबाई." मी पोलिसासारखी सगळे खिसे उलटे करायची. या वयात दारात उभं राहून असले खेळ, म्हणून आमची मुलगी मृणाल हसायची.

त्या रविवारी डाव्या खिशात गोळ्यांची पट्टी लागली.

"अगं, ती राहू दे."

"अहो, खोकल्याचं औषध नाही नेऊ दिलं, हे नेऊ देतील? परत हुज्जत घालाल. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

ते जरा घुटमळले. मग हसले. "चलो, हुकूम म्हणजे हुकूम." आणि गेले. मी ती पट्टी फ्रिजवर ठेवली.

नेगीजींनी मला सांगितलं नव्हतं, त्यांच्या पत्नीच्या तोंडून निघून गेलं. आपल्या संघाने गोल केला, सगळे उठून नाचायला लागले आणि हे खाली बसले. बसल्या बसल्या त्यांनी डावा खिसा चाचपला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

मृणाल गाझियाबादहून दर शनिवारी येते. "आई, डॉक्टरने बोला ना, झटका इतका मोठा होता की गोळीने काही फरक पडला नसता. बस कर ना अब." डॉक्टर खरंच सांगत असतील. तिच्यासाठी मी मान हलवते. पण मला धड रडताही येत नाही. यांची आठवण काढायला जावं तर आधी तो खिसाच समोर येतो. चाळीस वर्षं ज्या माणसाला जपलं, त्याला शेवटच्या दिवशी मी रिकाम्या हाताने पाठवलं.

यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यानंतरचा दिल्लीतला पहिला सामना गेल्या रविवारी होता. नेगीजी तिकीट घेऊन आले. "भाभीजी, उनकी कुर्सी खाली देखी नहीं जाएगी हमसे." त्यांनी गालांवर रंग लावला नव्हता. मी गेले, ती नेगीजींसाठीच.

बायकांची रांग वेगळी होती. तपासणीला एक पोलीस मुलगी होती, मृणालच्या वयाची. तिने माझ्या पर्समधला कंगवा काढला, पेन काढलं, पाण्याची बाटली बाजूच्या पिंपात टाकली. मग माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या हाताला लागल्या. मी आपणहून म्हटलं, "ये भी रख लीजिए."

"दवाई है ना?"

"हाँ."

"बोतल नहीं चलती, आंटी. दवाई कौन रोकता है?"

तिने गोळ्या पर्समध्ये परत ठेवल्या आणि चेनही नीट लावून दिली. मी तिथेच उभी राहिले. "आंटी, आगे चलिए," ती म्हणाली. मागची रांग पुढे सरकत होती, म्हणून मी आत गेले.