दामिनीचं उशिरा वळणं

या सदराची मी जुनी वाचक आहे, पण भुताखेतांसाठी नव्हे, तर टर उडवायला येणारी. कोणी ‘खोलीत आपोआप पंखा लागला’ असं लिहिलं की खाली ‘आधी वायरमनला बोलवा’ अशी कमेंट हमखास माझी असायची. बत्तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलंय हो... माझा स्वभावच तसा! तेव्हा आज ज्यांना माझ्यावर हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. मी मात्र जे पाहिलं तेच लिहिणार आहे.

आम्ही केडगावला राहतो. आमच्या ह्यांचं प्लायवूडचं दुकान होतं. हे मूळचे राहुरीकडचे, तरुणपणी काही वर्षं मुंबईला बोटी बांधायच्या कारखान्यात सुतारकाम करून आलेले. तिथून येताना एकच खूळ घेऊन आले — स्वतःची शिडाची होडी हवी. आता नगर जिल्ह्यात शिडाची होडी म्हणजे लोकांना करमणूकच. पण ह्यांनी दुकानातल्या चांगल्यातल्या चांगल्या प्लायची होडी बांधली, मंडपवाल्याच्या शिंप्याकडून शीड शिवून घेतलं, पिवळा ऑइलपेंट दिला आणि नाव ठेवलं ‘दामिनी’. रीतसर परवानगी काढून ती मुळा धरणाच्या पाण्यात उतरवली. दर रविवारी ह्यांची स्वारी तिकडे. तिला पुसणं, तिला पॉलिश करणं... मी तिला सवतच म्हणायचे. माझ्या वाढदिवसाला कधी साडी आली नाही, दामिनीला मात्र दरवर्षी नवा रंग!

ह्यांचं बघून बशीरभाईंनीही होडी बांधली. बशीरभाई म्हणजे धरणाकाठच्या गावातले फर्निचरवाले, ह्यांचे जिवलग मित्र आणि पाण्यावरचे पक्के वैरी. त्यांच्या होडीचं नाव ‘शाहीन’. कोणाची होडी देखणी, कोणाची वेगवान, यावर दोघांचं इतक्या वर्षांत एकदाही एकमत झालं नाही. आणि एक अलिखित नियम — दुसऱ्याच्या सुकाणूला हात लावायचा नाही. मी बायको असूनही मला दामिनीचं सुकाणू धरायची परवानगी नव्हती.

इथे थोडं विज्ञान सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिडाची होडी वाऱ्याच्या दिशेने आपसूक वाहत जाते, पण वाऱ्याच्या तोंडावर सरळ येऊ शकत नाही. तिला तिरकी डावीकडे न्यायची, मग वळवून तिरकी उजवीकडे, अशी नागमोडी आणावी लागते. प्रत्येक वळणाला कोणाला तरी सुकाणू ढकलावं लागतं. वळताना शीड क्षणभर फडफडतं आणि दुसऱ्या बाजूने भरतं. आमच्या ह्यांची खोड अशी की वळायला फार उशीर करायचे. काठ अगदी अंगावर येईपर्यंत थांबायचे. तोवर वेग मेलेला असायचा, मग शीड बराच वेळ फडफडत राहायचं. बशीरभाई लांबून ओरडायचे, “नाना, परत उशीर!” आणि हे काही केल्या कबूल करायचे नाहीत.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं शाबूत आहे, हळूहळू चालतीलही, फक्त मनाने उभारी धरायला हवी. तीच नव्हती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. ‘हं’ आणि ‘नको’ यापलीकडे शब्द नाही. व्यायाम शिकवायला येणारा मुलगा कंटाळून जायचा. मी कितीदा मोरीत नळ सोडून रडले आहे, ते माझं मलाच माहीत.

एक दिवस स्वतःहून बोलले ते एवढंच — “दामिनी काढून टाक.”

पारनेरकडे कृषी पर्यटन चालवणारे एक गृहस्थ तयार झाले. त्यांना होडी गेटसमोर ठेवायची होती, आत माती भरून फुलझाडं लावायला आणि पाहुण्यांना सेल्फी काढायला. मी ह्यांना सांगितलं. वाटलं, चिडतील. चिडले असते तर किती बरं झालं असतं! नुसतं “हं” म्हणाले.

ज्या दिवशी ते गृहस्थ येणार होते, त्या दिवशी मी ह्यांना बळेच गाडीत घातलं. शेवटचं बघून घ्या म्हटलं. धरणाच्या त्या चिंचोळ्या फाट्यावर गाडी पाण्यापर्यंत जाते तो काठ पश्चिमेचा. दामिनी समोरच्या काठाला, बाभळींपाशी बांधलेली. शीड फार दिवस गुंडाळून राहिलं की बुरशी धरतं, म्हणून बशीरभाईंनी सकाळीच ते वाळायला उभारलं होतं. शिडाचा दोर मोकळा सोडलेला. मोकळं शीड नुसतं हलतं, होडी ओढत नाही. मग ते शाहीनमधून आमच्या काठाला आले. मी ह्यांची प्लॅस्टिकची खुर्ची पाण्याकडे तोंड करून ठेवली. ह्यांनी मान हलवली आणि ती उलटी करायला लावली. पाण्याकडे पाठ करून बसले.

वारा पश्चिमेचा, आमच्या पाठीमागून थेट दामिनीकडे. भर दुपार, लख्ख ऊन. हे मुद्दाम सांगतेय.

“वहिनी,” बशीरभाई एकदम म्हणाले, “दामिनी सुटली!”

खरंच सुटली होती. सुटली तर वाऱ्याने मागच्या बाभळीत जाऊन अडकायला हवी. पण ती पुढे येत होती. तिरकी. शीड ताणून भरलेलं.

“कोण बसलंय तिच्यात?” मी विचारलं.

“कोनी न्हाई, वहिनी. दोर मी सोता बांधलाय. तिकडं कुत्रंसुदिक न्हाई.”

दामिनी उजवीकडच्या काठापर्यंत गेली. आता आदळणार असं वाटलं... आणि वळली. शीड फडफडलं. फडफडतच राहिलं. मग दुसऱ्या बाजूने भरलं.

आणि मागून आवाज आला. जड, अडखळता, पण आख्खा.

“बशीर... कोन हाय रं तिच्यावर? लई उशीर केला वळवायला!”

ह्यांनी पाहिलं नव्हतं हो! पाठ होती पाण्याकडे. नुसतं शीड ऐकलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एवढं लांब वाक्य. बशीरभाई रडतही होते आणि हसतही. “नाना, तुजंच वळन हाय ते. मी काय म्हनत हुतो इतकी वर्सं?”

आम्ही खुर्ची फिरवली. दामिनी डावीकडच्या काठाकडे निघाली होती. हे उजव्या हाताने खुर्ची आपटायला लागले. “आता! वळव की आता! आगं वळ!” ती काही वेळेवर वळली नाही. काठ अंगावर येईपर्यंत थांबली, मगच वळली. आणि सरळ आमच्यासमोर येऊन तिचं नाक हलकेच मातीला टेकलं.

आत कोणीही नव्हतं. बांधायचा दोर तुटलेला नव्हता, सुटलेला होता. आणि शिडाचा मोकळा दोर ओढून खुंटीला नीट गुंडाळलेला होता.

ह्यांनी काठी मागितली. एका बाजूला मी, एका बाजूला बशीरभाई. घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन ह्यांनी दामिनीवर हात ठेवला. तेवढ्यात पारनेरची गाडी आली. गृहस्थ उतरायच्या आत हे म्हणाले, “इकायची न्हाई.” बिचारे चहा घेऊन परत गेले.

मी माझ्यापरीने सगळं तपासलं. वावटळ नव्हती. त्या भागात पाण्याला ओढ नसते. दोर आपोआप सुटू शकतो, पण आपोआप गुंडाळला जात नाही. माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं, त्यात दोन इंजिनिअर आहेत. त्यांनी मला झोप पूर्ण घ्यायला सांगितलं.

आता हे काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. व्यायामाचा मुलगा उशिरा आला तर त्याच्यावर खेकसतात. रविवारी आम्ही धरणावर जातो. शिडाचा दोर मी धरते, सुकाणू ह्यांच्या उजव्या हातात. मागच्या रविवारी मात्र पाण्याच्या मध्यावर आल्यावर ह्यांनी माझ्या हातातला दोर घेतला.

“आज तू धर सुकानू.”

“मी? अहो, मला येत नाही.”

“शिकवतो की. धर.”

मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. साड्यांचा सगळा हिशोब मी तिथेच सोडून दिला. काठ बराच लांब असताना हे म्हणाले, “वळव.” मी सांगितल्याबरोबर सुकाणू ढकललं.

दामिनी वळली नाही. सरळ जात राहिली, पार बाभळीची सावली अंगावर येईपर्यंत. मग स्वतःच्या मर्जीने वळली आणि शीड किती तरी वेळ फडफडत राहिलं.

मागून शाहीनमधून बशीरभाई ओरडले, “नाना, परत उशीर!”

“मी न्हाई रं!” हे खदखदून हसत ओरडले. “सुकानू हिच्या हातात हाय!”

सुकाणू माझ्या हातात होतं, हे खरं. मी ते वेळेवर ढकललं होतं, हेही खरं. यापुढचं मला माहीत नाही.