सुनेची ॲलर्जी

प्लगताईंना हे नाव त्यांच्या ठरलेल्या प्रश्नावरून पडलं. कॉम्प्युटर मेला म्हणून एखाद्या दवाखान्यातून फोन आला की त्या आधी विचारायच्या, "प्लग लावलाय का?" निम्म्या वेळा लावलेला नसायचा. बाई पूर्वी टायपिंग शिकवायच्या. तो क्लास बंद पडला तेव्हा रडत न बसता कॉम्प्युटर शिकल्या आणि आता पेशंटांची कागदी कार्डं कॉम्प्युटरवर आणणाऱ्या दवाखान्यांना हात धरून शिकवत होत्या.

"माझं एक वाक्य पुरं ऐकत नाहीस आणि त्या डॉक्टरांना एकच गोष्ट दहादा सांगतेस," नवरा कुरकुरायचा.

"ते विचारतात तरी."

त्या गुरुवारी एका जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज तापलेला. "प्रत्येक पेशंटला लाल चौकोन येतोय. मावशींना हे झेपत नाही. सोमवारपासून कॉम्प्युटर येणारी मुलगी ठेवतोय."

मावशी म्हणजे तिथल्या रिसेप्शनवरच्या. अठ्ठावीस वर्षं त्याच खुर्चीत. दारात चेहरा दिसला की हात नेमका त्याच्या कार्डावर. प्लगताई चप्पल अडकवून निघाल्याच.

मावशी चष्मा पुसत बसल्या होत्या. "ॲलर्जी कशाची, असा रकाना आहे. तुम्हीच म्हणालात, एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. मी विचारते, ते सांगतात, मी लिहिते. चुकलं कुठे?"

प्लगताई तसं म्हणाल्या होत्या खऱ्या. त्यांनी यादी उघडली. शिंपीकाका: थांबण्याची. हेडमास्तर: मोबाइलवर ओरडणाऱ्यांची. एक आजी: सुनेची. तिच्याच खाली सून: सासूची, पण सांगू नका. रकान्यात काहीही असलं की डॉक्टरांच्या पडद्यावर लाल चौकोन येणारच.

"काल आजींना खोकल्याचं औषध देताना मला आलं, 'सावधान, सून'," आतून येत डॉक्टर म्हणाले. "मी आता न वाचताच बंद करतो."

प्लगताईंचं हसू तिथल्या तिथे विरलं. यादीत खाली होतं, पोस्टमन: पिवळ्या गोळीची.

"मावशी, ही पण गंमतच का?"

"छे. आठ वर्षांपूर्वी ती गोळी घेतली आणि ओठ हे एवढे सुजले. डॉक्टर लग्नाला गेले होते, बदली डॉक्टर होते. त्यांनी कार्डावर लिहिलंच नाही. मला आठवतं ना."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पोस्टमनला आत्ताच, पायाच्या जखमेसाठी, त्यांनी तीच गोळी लिहून दिली होती. तो बाहेर औषधाच्या खिडकीशी उभा होता. कोणी काही बोलायच्या आत मावशी उठल्या, त्याच्या हातातली पुडी काढून घेतली आणि म्हणाल्या, "बसा जरा. ही तुमची नाही."

डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहिली. मग पेनचं टोपण लावलं. "मावशी, अजून किती गोष्टी आहेत अशा तुमच्या डोक्यात?"

"सोमवारपर्यंत सांगून संपायच्या नाहीत."

"मग त्या मुलीला नको म्हणून कळवतो. तुम्हीच बसा."

प्लगताईंनी खुर्ची पुढे ओढली. ॲलर्जीच्या रकान्यात फक्त औषध आणि खाणं राहील असं केलं, बाकीच्यांसाठी शेजारी नवा रकाना काढला. त्याला लाल चौकोन नव्हता. नाव दिलं, 'मावशी म्हणतात'.

"सुनेला कुठे टाकू?" मावशींनी विचारलं.

"तिकडेच. पण सासूच्या शेजारी नको."