कय्यूमभाऊंची न दुखणारी छाती

वडशाच्या नाटक मंडळात कय्यूमभाऊ कधी रंगमंचावर चढले नाहीत, पण त्यांच्यावाचून कुणाचाच आवाज लोकांपर्यंत पोचत नाही. माईक, भोंगे, जनरेटर सगळं त्यांच्याकडे. मंडपातल्या शेवटच्या म्हातारीलाही नायिकेचा हुंदका ऐकू आलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

काही वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकलं आणि नागपुरात दुसऱ्या कुणाचं तरी हृदय त्यांना बसवलं. तेव्हापासून त्यांची बायको रहमतबी गोळ्यांची डबी घेऊन सोबत असते.

यंदा दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या दवाखान्यातून रंजीताबाईंचा फोन आला. नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून जाड व्हायला लागल्या, तर ते रक्तातल्या खुणांवरून आधीच कळेल का, याचा अभ्यास तिथे चालू आहे. कय्यूमभाऊ त्यासाठी अधूनमधून रक्त देतात; ते काम रंजीताबाई पाहतात.

"भाऊ, या वेळी खुणा वाढल्या आहेत. नुसत्या रक्तावरून पक्कं सांगता येत नाही, म्हणून अँजिओग्राफी करून घेऊ. याच आठवड्यात या."

"बाई, मले काई होऊन नाई राह्यलं. भोंगे चढवतो, तरी छातीत कळ नाई. भाऊबीजेपासून नाटकं हायेत. शिवरात्र झाली का येतो."

"तीच तर अडचण आहे. हृदय बदलताना त्याच्या नसा कापल्या जातात. त्याला त्रास झाला तरी बहुतेकदा ते तुम्हाला सांगत नाही."

"दुखत नाई त्याचाबी इलाज करता का?" हसत त्यांनी फोन ठेवला. रहमतबी मात्र हसली नाही.

दुपारी गावाबाहेरच्या पटांगणावर तालीम होती. कय्यूमभाऊ पार टोकाच्या भोंग्याखाली चहा घेत बसले. बराच वेळ झाला.

"धनराज सुरूच काऊन करत नाई?" ते पुटपुटले.

तेवढ्यात खलनायकाचं काम करणारा धनराज मिशी हातात घेऊन पळत आला. "भाऊ, तीनदा गरजलो मी! घशाची वाट लागली. झोपले होते का?"

गुरांच्या पायाखाली येऊन त्या भोंग्याची वायर तुटली होती. कय्यूमभाऊंनी दोन्ही टोकं हातात धरली. रहमतबीनं शांतपणे डबी उघडली.

"अजी, तो तिकडं बोंबलून राह्यला होता आन् तुमी म्हणता सुरूच नाई झालं. बाई सकाळी काय सांगून राह्यली होती?"

कय्यूमभाऊ वायरीची टोकं पिळून जोडू लागले. "ॲम्प्लिफायरचा दिवा पाहाले पायजे होता मी. भोंगा मुका असला तरी आवाजासंगं तो लुकलुकते."

"मंग रक्तातला दिवा पाहा ना."

त्यांनी तिथूनच रंजीताबाईंना फोन लावला. "बाई, उद्याच येतो." मग धनराजकडे वळले. "मी येईतोवर भोंगे तू सांभाळ."

"मी? मरायचा सीन करू का भोंगे पाहू?"

"आधी भोंगे पाह्य. मंग मर."

तपासणीत एका रक्तवाहिनीत जाडी नुकतीच सुरू झालेली दिसली. वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले. औषधं बदलली आणि पुन्हा कधी यायचं तेही बजावलं. भाऊबीजेला कय्यूमभाऊ आपल्या जागेवर हजर होते, नजर त्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर.

आता कुणी विचारलं, "छाती कशी हाये भाऊ?" तर ते शर्टाची बाही वर सारतात आणि कोपराच्या आतली शीर दाखवतात.

"तिले काऊन विचारता? ते मुकी हाये. इथी विचारा."